इंजिनांत तुटलेला बोल्ट कसा काढावा

मोहने हें कल्याण तालुक्यांतील गांव उल्हास नदीच्या कांठीं आहे. अशा नदीकांठच्या मळ्यांत जेथें विजेची सोय नसते, तेथें भाजीपाल्यास पाणी देण्याचें काम डिझेल इंजिनावर चालतें. उन्हाळ्यांत एक पाळी चुकली तरी वांगीं व भेंडी सुकूं लागतात. आणि नेमक्या अशाच वेळीं इंजिनाचें हेड उघडतांना बोल्ट तुटून अर्धा तुकडा आंत राहतो. हा प्रसंग आला असतां काय करावें व काय करूं नये, हें आम्ही वाचक बंधूंस थोडक्यांत सांगणार आहोंत. मोटारीच्या व ट्रॅक्टरच्या इंजिनासही हीच रीत लागू आहे.

प्रथम एक गोष्ट मनांत पक्की धरावी. बोल्ट तर गेलाच आहे; आतां सांभाळावयाचें तें इंजिन. घाईनें घणाचे घाव घातल्यास बिडाचा ब्लॉक तडकतो, आणि मग एक पाळीच काय, सारा हंगाम हातचा जातो.

बोल्ट तुटण्याचें मुख्य कारण गंज. गंजास मूळच्या लोखंडाहून अधिक जागा लागते, म्हणून बोल्ट आट्यांत आवळून बसतो. आपण पाना फिरवितों, आटे हलत नाहींत, व पीळ पडून बोल्ट तुटतो. तेव्हां पहिला उपाय गंज सोडविण्याचा. इंजिन निवाल्यावर तुकड्याभोंवतीं गंज सोडविणारें पातळ तेल, तें नसल्यास रॉकेल सोडावें, हातोडीनें हलके टोले द्यावे व रात्रभर तसेंच राहूं द्यावें.

तुकडा वर आलेला असल्यास कानशीनें त्याच्या दोन बाजू सपाट करून पाना लावावा. प्रथम किंचित् आवळावा, मग सोडावा; असें मागेंपुढें करीत तेल आंत मुरूं द्यावें. तरीही न हालल्यास रॉकेल व डिझेल पुसून काढून, वेल्डिंग करणाराकडून त्यावर नट जोडून घ्यावा. तुकडा तापून फुगतो, निवतांना आखडतो, व त्यांत गंजाची पकड सुटते.

तुकडा भोंकाच्या आंत तुटला असेल तर काम अधिक नाजूक आहे. त्याचें तोंड सपाट करून बरोबर मध्यावर पंचानें खूण करावी. खूण चुकली तर ड्रिल घसरून ब्लॉकचे आटे खातें. १० मिलिमीटरच्या बोल्टास प्रथम ३ मिलिमीटरचें भोंक सरळ पाडावें व तें क्रमाक्रमानें वाढवावें. डोळ्यांस चष्मा लावण्यास विसरूं नये. किती खोल जावयाचें तें शेजारच्या अखंड बोल्टाच्या लांबीवरून ताडावें. पलीकडे पाण्याची पोकळी असल्यास ड्रिल तींत शिरून पाणी गळूं लागेल. उलटें फिरणारें ड्रिल मिळाल्यास उत्तम, कारण भोंक पाडतां पाडतांच तुकडा कधीं कधीं बाहेर येतो.

यानंतर उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर भोंकांत बसवून फिरवितात. हा फार कठीण पोलादाचा, म्हणून ठिसूळ असतो. तो आंत तुटला तर साधें ड्रिल त्यास कापूं शकत नाहीं, व पहिल्या संकटाहून दुसरें मोठें होतें. बेताच्या जोरानें तुकडा न हालल्यास तेथेंच थांबावें. मग लेथवाल्याकडून भोंक वाढवून, उरलेला पातळ पापुद्रा काढून टॅपनें आटे साफ करून घ्यावे. दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांस हें भोंक साडेआठ मिलिमीटरचें लागतें.

नवा बोल्ट बसविण्यापूर्वीं भोंक कोरडें करावें. बुडाशीं तेल किंवा पाणी राहिल्यास तें दाबलें जात नाहीं, आणि बोल्ट आवळतांना ब्लॉकच फुटण्याचा संभव असतो. सर्व बोल्ट समोरासमोरचे घेऊन, थोडे थोडे, कारखान्याच्या पुस्तकांत दिलेल्या जोरानेंच आवळावे.

मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा मोठा कारखाना २००९ सालीं बंद पडला. अशा कारखान्यांत यंत्रें सांभाळलेला जुना फिटर जवळपास असल्यास त्याचा सल्ला अवश्य घ्यावा. केव्हां जोर करावा हें कोणीही सांगेल. केव्हां थांबावें हें अनुभवी हातासच कळतें, आणि इंजिन वांचतें तें त्यानेंच.