जुन्या जिप्सीला नवी चाकं : स्वस्त काय आणि परवडणारं काय?



जंगल सफारी, फार्म-स्टेची ने-आण, गडाच्या पायथ्यापर्यंत पर्यटक सोडणं, असा छोटा व्यवसाय सुरू करायचा म्हटलं की बरेच जण जुनी मारुती जिप्सी शोधतात. गाडी हलकी, फोर-व्हील, आणि गावातला मेकॅनिकसुद्धा ती उघडू शकतो. ही गाडी १९८५ साली भारतात आली, १९९६ मध्ये १३०० सीसीची जिप्सी किंग आली आणि २०१९ च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. म्हणजे आज तुमच्या हाती येणारी प्रत्येक जिप्सी जुनीच असणार. आणि जुनी गाडी घेतली की पहिला मोठा खर्च बहुतेक वेळा चाकांचाच निघतो.

व्हिडिओत रिम हातात घेऊन दाखवलं होतं. इथे आकडे आणि हिशेब लिहून देतो. दुकानात जाताना सोबत ठेवा.

आधी माप, मग भाव

दुकानदाराला पहिला प्रश्न "केवढ्याला?" असा विचारू नका. आधी या गोष्टी विचारा.

१) पीसीडी : बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. जिप्सीला ५ बोल्ट आणि १३९.७ मिमी. दुकानात मोजायची सोपी युक्ती सांगतो. शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि त्याला १.७ ने गुणा. अंतर साधारण ८२ मिमी आलं तर माप बरोबर.

२) सेंटर बोअर : रिमच्या मधलं मोठं भोक. जिप्सीला ते साधारण १०८ मिमी लागतं. भोक लहान असेल तर रिम हबवर बसणारच नाही. मग कुणीतरी म्हणतं, "लेथवर मोठं करून देतो." तिथून निघा.

३) ऑफसेट : रिम आत किती बसणार आणि बाहेर किती येणार हे यावर ठरतं. चाक बाहेर आलं की गाडी रुबाबदार दिसते खरी, पण व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि स्टिअरिंग जड होतं. चाक बाहेर काढायला स्पेसर लावणं म्हणजे तेच दुखणं पैसे देऊन विकत घेणं.

४) नट : आटे एम १२ बाय १.२५. नटाचं तोंड निमुळतं असेल तर रिमच्या भोकाची बैठकही तशीच हवी. गोल बैठकीच्या रिमला निमुळता नट लावला तर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि रस्त्यात सैल होतो.

जुन्या विलीज जीपचा पीसीडीही हाच आहे. त्यामुळे "जीपची रिम आहे, आरामात बसते" असं तुम्हाला ऐकायला मिळेल. पण पीसीडी जुळणं ही फक्त पहिली पायरी झाली. बाकीच्या तीन गोष्टी जुळल्याशिवाय पाकीट काढायचं नाही.

२०२३ मध्ये भारतात आलेल्या जिम्नीचा पीसीडी आणि बोअर जिप्सीसारखाच आहे. नवी जिम्नी घेऊन लगेच मोठी चाकं टाकणारे हौशी लोक असतात. त्यांची काढलेली १५ इंची रिम चांगल्या भावात मिळू शकते. ऑफसेट मात्र गाडीवर बसवून तपासा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि चाक कुठे घासतं का ते बघा.

टायर मोठा केला की काय होतं?

जिप्सी किंगचा ओळखीचा टायर म्हणजे २०५/७० आर १५. त्याचा व्यास सुमारे ६६८ मिमी. जिम्नीचा १९५/८० आर १५ घेतला तर ६९३ मिमी. आणि दिसायला दणकट म्हणून २३५/७५ आर १५ टाकला तर थेट ७३३ मिमी, म्हणजे जवळजवळ दहा टक्के मोठा! मग मीटरवर ६० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ६६ ने पळते. चढावर दम लागतो, पेट्रोल जास्त जातं, ब्रेकवरही भार वाढतो. जमिनीपासूनची उंची वाढते ती जेमतेम सव्वातीन सेंटीमीटर.

कायद्याचाही विचार करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. तुमच्या गाडीत पैसे देऊन बसलेले प्रवासी असतात. अपघात झाला आणि विमा कंपनीने चाकांवर बोट ठेवलं, तर त्या एका दिवसात व्यवसाय बंद पडू शकतो. म्हणून गाडीला कंपनीने दिलेलं मापच धरा. सफारीसाठी गाडी लावणार असाल तर वन विभागाच्या अटीही आधी विचारून घ्या.

बजेट चाराचं नाही, पाचाचं

जिप्सीच्या फोर-व्हीलमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधला फरक सांभाळणारा मधला डिफरेन्शियल नाही. चाकं लहानमोठी असताना फोर-व्हील लावून कडक रस्त्यावर चाललात, तर ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर ताण येतो. म्हणून पाचही चाकं, हो, स्टेपनीसुद्धा, एकाच मापाची हवीत. चार नवे टायर आणि स्टेपनीला जुना भलताच टायर, ही बचत नाही बरं का!

स्टील की अलॉय?

धंद्याच्या गाडीला माझं मत स्टील. दगडावर आपटली तर स्टीलची रिम बहुतेक वेळा वाकते आणि थोडा वाक असेल तर जवळच्या गावात सरळ करून मिळतो. अलॉयला तडा जाऊ शकतो. वेल्डिंग केलेली अलॉय कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

जुनी रिम घेताना ती बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा. डुलते का? बोल्टची भोकं लांबट झाली आहेत का? भोकांभोवती बारीक तडे आहेत का? ताजा रंग दिसला तर खुश होऊ नका, खाली गंज आहे का ते नखाने खरवडून बघा.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी रबर वयाने कडक होतं. आणि नक्षी १.६ मिमीपर्यंत झिजली की तो टायर संपला.

आता हिशेब

आकडे समजुतीसाठी धरले आहेत, तुमच्या बाजाराचे भाव टाका.

जुने टायर : ५ × २,००० = १०,००० रुपये, बसवणं-बॅलन्सिंग १,०००. एकूण ११,०००. समजा १०,००० किमी चालले. किलोमीटरला १ रुपया १० पैसे.

नवे टायर : ५ × ६,५०० = ३२,५०० रुपये, बसवणं १,०००. एकूण ३३,५००. समजा ४०,००० किमी चालले. किलोमीटरला साधारण ८४ पैसे.

म्हणजे ४०,००० किलोमीटरमध्ये "स्वस्त" टायरने तुमचे १०,५०० रुपये जास्त घेतले. भर हंगामात पंक्चरमुळे हुकलेली फेरी यात धरलेलीच नाही.

पण थांबा! गाडी वर्षाला फक्त ५,००० किमी चालत असेल तर? पाच वर्षांत टायर वयाने बाद झाला, तर २५,००० किमीच मिळतील आणि नव्याचा खर्च किलोमीटरला १ रुपया ३४ पैसे पडेल. इथे कागदावर जुना टायर जिंकतो.

मग जुना घ्यायचा का? माझं उत्तर नाही. रिमचा इतिहास मशीनवर फिरवून बराचसा कळतो. टायरच्या आत काय झालंय ते बाहेरून कळत नाही, आणि त्यावर कुणाची तरी मुलंबाळं बसणार असतात. म्हणून नियम सोपा ठेवा : बचत रिमवर करा, टायरवर नको. तपासून घेतलेली जुनी स्टील रिम आणि तिच्यावर मूळ मापाचा, ताज्या तारखेचा नवा टायर. परवडणारं चाक ते हेच.

पैसे एकदम नसतील तर खरेदी हंगामाआधी ठरवा. ताडोब्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात कोअर क्षेत्र बंद असतं. तो काळ गाडीच्या कामासाठी ठेवा आणि हंगामात दर फेरीमागे ठरावीक रक्कम चाकांच्या नावाने बाजूला टाका.

तुमचा गृहपाठ

या आठवड्यात टेप आणि वही घेऊन गाडीपाशी जा. पाचही चाकांचं माप, टायरची तारीख, नक्षीची खोली आणि वर्षाचे किलोमीटर लिहून काढा. मग वरच्या हिशेबात तुमचे आकडे टाका आणि किलोमीटरचा भाव काढा. तो आकडा कमेंटमध्ये लिहा, पुढच्या भागात त्यातले काही हिशेब आपण मिळून तपासू. आणि हो, नवी चाकं बसवल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा एकदा घट्ट करायला विसरू नका!