सांधेरोपणानंतरची वेदना आणि मनाची साथ

देशाच्या औषधनिर्मितीच्या इतिहासात पिंपरीचे स्थान मानाचे आहे. १९५४ साली येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याने पेनिसिलीनचे उत्पादन देशातच सुरू केले. जंतुसंसर्गाला आळा घालणारी अशी औषधे नसती, तर सांधेरोपणासारखी शस्त्रक्रिया आजच्याइतकी निर्धोक झाली नसती. औषधांच्या या नगरीतून, औषधांना पूरक ठरणाऱ्या एका बिनखर्ची उपायाचा परिचय करून देणे उचित ठरेल.

इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास खुब्याच्या कृत्रिम सांध्याला आजचे रूप दिले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि ही शस्त्रक्रिया मध्यमवर्गीयांच्या अधिक जवळ आली. पिंपरी-चिंचवडमधील निवृत्त कामगार आणि चाकण परिसरातील वयोवृद्ध शेतकरी यांच्या घरीही आज ती अपरिचित राहिलेली नाही.

तथापि, शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे काम संपले असे नव्हे. गुडघा वाकविण्याचा व्यायाम पहिल्या काही आठवड्यांत नेटाने करावा लागतो. दुखेल या भीतीने रुग्णाने पाय हलविलाच नाही, तर सांधा आखडतो आणि खर्च व कष्ट दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो. वेदनेवर ताबा मिळविणे अगत्याचे आहे ते यासाठी.

वेदना जखमेत सुरू होत असली, तरी तिची जाणीव मेंदूत होते. मज्जारज्जूमध्ये जणू एक द्वार असून ते वेदनेचे संदेश कमी-अधिक प्रमाणात पुढे जाऊ देते, असा सिद्धान्त मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडला. मन एखाद्या स्मरणशक्तीच्या कामात गुंतले असता मज्जारज्जूतील वेदनेचे संदेशच क्षीण होतात, असे जर्मनीतील संशोधकांना २०१२ मध्ये आढळले. म्हणजे मन रमविणे ही केवळ समजूत घालणे नव्हे. शस्त्रक्रियेनंतर संगीत ऐकणाऱ्या रुग्णांची वेदना, चिंता आणि वेदनाशामकांची गरज काही अंशी कमी होते, असा निष्कर्ष सुमारे सात हजार रुग्णांवरील प्रयोगांच्या २०१५ मधील आढाव्यातून निघाला.

आपल्याकडे ही जाण जुनीच आहे. जात्यावरच्या ओव्यांनी दळणाचे कष्ट हलके केले, तर टाळ-मृदंगाने देहू-आळंदीहून निघणाऱ्या वारकऱ्यांची वाट सुसह्य केली. रुग्णाने व्यायामापूर्वी थोडा वेळ आवडीचे भजन अथवा गाणे लावावे. बसून किंवा पडून व्यायाम करताना शंभरापासून तीन-तीन वजा करीत उलटे मोजावे, पाठ असलेले अभंग म्हणावेत किंवा आपल्या गावची वाट डोळ्यांसमोर आणावी. सावकाश दीर्घ श्वसनही उपयोगी पडते. नातवंडांना गोष्ट सांगणे, पत्ते, सोंगट्या, विणकाम यांपैकी ज्यात रुग्ण खरोखर रमतो तेच निवडावे. मन गुंतेल इतपत ते अवघड असावे.

मात्र काही पथ्ये पाळावयास हवीत. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामके परस्पर बंद करू नयेत. चालताना किंवा जिना चढताना मन दुसरीकडे गुंतवू नये, कारण पडण्याचा धोका असतो. पोटरीला सूज, ताप, जखमेतून स्राव किंवा एकाएकी वाढलेली वेदना ही धोक्याची सूचना होय. ती विसरावयाची नसून डॉक्टरांना तत्काळ कळवावयाची असते. छातीत दुखू लागल्यास किंवा दम लागल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

रुग्ण घरी परतला की त्याची जबाबदारी कुटुंबावर व गावावर येते. ग्रामपंचायत सदस्यांनी, शिक्षकांनी आणि भजनी मंडळांनी अशा घरी व्यायामाच्या वेळी जाऊन बसावे. "फार दुखते का?" असे वारंवार विचारण्याऐवजी चार गोष्टी कराव्यात. एवढ्या सोबतीनेही एखाद्याचे पाऊल लवकर अंगणात पडेल.