हातानें द्यावयाची परीक्षा

चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा आपल्यापैकीं अनेकांनीं दिल्या असतील. रंगांविषयीं कितीही पाठ केलें, तरी कागदावर हात चालल्यावांचून तेथें कोणी उत्तीर्ण होत नाहीं. संगणकाच्या क्षेत्रांतही अशीच एक परीक्षा आहे. शाळा सोडल्यावर तिजकडे वळूं इच्छिणाऱ्यांसाठीं आम्ही हा लेख योजिला आहे.

लिनक्स ही संगणक चालविणारी प्रणाली होय. तिचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं रचला. आज जगांतील असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात. त्यांची देखभाल करूं इच्छिणाऱ्यांसाठीं रेड हॅट कंपनी 'आर. एच. सी. एस. ए.' नांवाची परीक्षा घेते. तींत पर्याय निवडावयाचे नसतात. समोर चालू यंत्र असतें, आणि कामें नेमून दिलेलीं असतात: वापरकर्त्यांचीं खातीं उघडणें, फायलींचे अधिकार ठरविणें, साठवणीची जागा जोडणें, विसरलेला परवलीचा शब्द बदलणें इत्यादि. वेळ ३ तास. ३०० पैकीं २१० गुण हवेत. इंटरनेट वापरतां येत नाहीं. मात्र प्रणालीबरोबर येणारी माहिती 'मॅन' या आज्ञेनें वाचतां येते. केलेलें काम यंत्र पुन्हां सुरू केल्यावरही टिकलें पाहिजे, हा मुख्य नियम.

लालबागच्या चाळींत राहणारा आमचा एक माजी विद्यार्थी या परीक्षेस बसला. आज्ञा त्यास मुखोद्गत होत्या. यंत्र सुरू होतांना कोणती साठवण कोठें जोडावी, हें 'एफएसटॅब' नामक फायलींत लिहावें लागतें. तेथें त्याचें एक अक्षर चुकलें. पुन्हां सुरू केलेलें यंत्र अर्ध्यावरच थांबलें, आणि बरोबर केलेलीं इतर कामेंही वायां गेलीं. वडिलांनीं बोनसांतून भरलेली फी बुडाली.

त्यानें धीर सोडला नाहीं. रेड हॅटच्या प्रणालीशीं मिळतीजुळती 'अल्मालिनक्स' विनामूल्य मिळते. ती त्यानें घरच्या जुन्या संगणकावर 'व्हर्च्युअल मशीन' करून त्यांत बसविली. रोज रात्रीं एक काम करावें, यंत्र पुन्हां सुरू करावें, आणि काम टिकलें कीं नाहीं तें पाहावें, असा क्रम ठेविला. 'एफएसटॅब' बदलल्यावर 'माउंट -ए' ही आज्ञा आधीं चालवावी, म्हणजे बहुतेक चूक तेथेंच कळते, हें तो अनुभवानें शिकला. कधीं मुद्दाम बिघाड करून तो दुरुस्तही करी. दुसऱ्या खेपेस तो उत्तीर्ण झाला.

पालकांस आमची विनंती एवढीच, कीं क्लासची फी भरण्यापूर्वीं "मुलास यंत्रावर प्रत्यक्ष किती तास बसवितां?" असें अवश्य विचारावें. आय. आय. टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमांत लिनक्सचे पाठ मराठींतही विनामूल्य मिळतात. आरंभ तेथून करावा. प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षांची असते. हातांत मुरलेली विद्या मात्र मुदत संपली म्हणून जात नाहीं.