फडातली थंडी आणि कपड्यांचे तीन थर

दसरा-दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागांतील कितीतरी घरांना कुलूप लागते. नवरा-बायको कोयता घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. कडेवरचे लेकरूही सोबत असते. उचल किती, मुकादम कोण, याची चर्चा घरोघर होते. अंगावर काय घालायचे, याची होत नाही. पण पहाटेच्या अंधारात फडात उतरणाऱ्याची तब्येत त्यावरच अवलंबून असते. म्हणून यावेळी आम्ही कपड्यांविषयीच बोलणार आहोत.

काश्मीरात गुलमर्गला स्कीईंग नावाचा खेळ चालतो. पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायचे. पारा शून्याच्या खाली दहा अंशांवर गेला तरी हे खेळाडू एकाच जाड कोटावर विसंबत नाहीत. ते तीन थर चढवतात. अंगालगत घाम टिपून लवकर वाळणारा कपडा, मध्ये लोकरीचा आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारा. ऊब कपड्यात नसते, ती आपल्याच शरीराची असते. थरांमध्ये अडकलेली हवा ती धरून ठेवते. कपडा भिजला की तिथे पाणी शिरते आणि अंगातली ऊब झपाट्याने ओढून नेते.

फडात नेमके हेच घडते. उसाच्या पाचटावरचे दहिवर बाहेरून भिजवते, घाम आतून भिजवतो. सुती कपडा दोन्ही पितो आणि लवकर वाळत नाही. तेव्हा सुती बनियनऐवजी खेळाडू घालतात तसला पातळ टीशर्ट आत घालावा. त्यावर लोकरीचा स्वेटर. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब देते. वरून रेनकोट, नाहीतर कमरेखाली प्लास्टिकचा कागद. काम सुरू झाले, अंग तापले की घाम येण्याआधीच स्वेटर काढून कोरडा ठेवावा आणि विसाव्याला बसताच पुन्हा घालावा. डोक्याला कानटोपी हवीच. पायात घट्ट मोज्यांचे दोन जोड नकोत, रक्त अडते. एकच सैल जोड बरा. असा टीशर्ट घालून शेकोटीला मात्र चिकटून बसू नये, तो वितळून कातडीला चिकटतो.

कोपीत रात्री थंडी जमिनीतूनही येते. म्हणून खाली कोरड्या पाचटाचा जाड थर, त्यावर पोते, मग वाकळ. तान्ह्या बाळाला कानटोपी घालून आईने उघड्या छातीशी धरावे आणि वरून दोघांना पांघरावे. बाळाचे नाक-तोंड मोकळे राहिलेच पाहिजे. बंद कोपीत निखाऱ्याची शेगडी ठेवून कधीही झोपू नये. तिच्या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो. झोपलेले माणूस उठतच नाही.

थंडी पळवायला घोटभर दारू, हा समज तर घातकच. दारूने कातडीकडे रक्त धावते, क्षणभर गरम वाटते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते. कुडकुडणारा माणूस एकाएकी कुडकुडायचा थांबला आणि बरळू लागला, तर ओले कपडे काढून त्याला कोरड्यात गुंडाळा आणि लगेच दवाखाना गाठा.

यातले पुष्कळसे घरच्याच कपड्यांत जमते. जे जमत नाही, ते रेनकोट, बूट, हातमोजे उचल ठरवतानाच मुकादमाकडे मागावे. टोळीने मिळून मागावे. कोयत्याला धार लागते, तशी कोयता धरणाऱ्या हाताला ऊब लागते.