श्रावणमासची दक्षिणा आणि संस्कृत नाटकांचीं मराठी भाषांतरें

संस्कृत नाटकांचीं मराठी भाषांतरें कोणीं व केव्हां केलीं याच्या याद्या आपल्या वाङ्मयेतिहासांतून मिळतात. त्यांत भाषांतरकाराचें नांव असतें, सन असतो, क्वचित् गुणदोषांचे चार शब्द असतात. परंतु त्या ग्रंथाच्या छपाईचा खर्च कोणीं सोसला, आणि काम चालू असतां शास्त्रीबोवांचा संसार कोणाच्या पैशावर चालला, हें बहुधा नसतें. १८५७ पासून १८७४ पर्यंतच्या अवघ्या सतरा-अठरा वर्षांत भट्टनारायण, भवभूति, कालिदास, शूद्रक, विशाखदत्त आणि हर्ष यांचीं मुख्य मुख्य नाटकें मराठींत उतरलीं. एवढें काम इतक्या थोड्या काळांत आपोआप होत नसतें. त्याच्या पाठीशीं एक जुना निधि होता, आणि गमतीची गोष्ट ही कीं, तो निधि मुळांत मराठी भाषेसाठीं नव्हताच. तो मराठीकडे कसा वळला व वळतांना कोणाला आंत घेऊन कोणाला बाहेर ठेविता झाला, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

श्रावणमासांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याचा प्रघात सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं घातला. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडले. त्यानंतर हा प्रघात पेशव्यांनीं पुण्यास चालू ठेविला. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यांत दूरदूरचे ब्राह्मण जमत. विद्वत्तेची परीक्षा होऊन जास्त योग्यतेच्यास जास्त दक्षिणा मिळे, आणि परीक्षेस न बसणाराही अगदींच रिकाम्या हातीं परत जात नसे. त्या परीक्षेंत वेद, व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र यांस मान होता. रघुवंशाचा मराठी अर्थ सुरेख सांगतो म्हणून कोणाची दक्षिणा वाढावी अशी ती व्यवस्था नव्हती. प्राकृतांत ग्रंथ उतरविणाऱ्या कवीला आश्रय मिळे तो वेगळ्या दारीं. मोरोपंतांस बारामतीच्या बाबूजी नाईकांनीं जवळ केलें तें पुराणिक म्हणून, आणि आर्याभारतासारखा ग्रंथ त्या आश्रयावर उभा राहिला. म्हणजे पेशवाईंत संस्कृत विद्येचा आश्रय आणि मराठी काव्याचा आश्रय हे दोन निरनिराळे ओघ होते. ते एका पाटांत येण्यास राज्य बदलावें लागलें.

१८१८ नंतर दक्षिणेचें काय करावें हा प्रश्न एल्फिन्स्टन साहेबांपुढें आला. ती एकाएकीं बंद करणें म्हणजे पुण्यांतील वजनदार वर्ग दुखविणें, आणि पूर्वीप्रमाणें चालू ठेवणें म्हणजे तिजोरीस भार. तेव्हां ही रक्कम सालिना रु. ५०,००० पर्यंत बांधून देण्यांत आली आणि तींतून विद्येस उत्तेजन मिळावें असें धोरण ठरलें. ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. कृष्णशास्त्री चिपळूणकर हे येथेंच मोरशास्त्री साठे यांच्या हाताखालीं तयार झाले. ही पाठशाळा जुन्या पद्धतीची होती खरी. पण तिच्यांतून बाहेर पडलेल्या शास्त्र्यांस पुढें कोशाचें, शालेय पुस्तकांचें व भाषांतराचें काम मिळूं लागलें, आणि मराठी गद्य लिहिणें ही पोट भरण्याजोगी विद्या आहे असा अनुभव त्यांना प्रथमच आला. हितोपदेशाचें मराठी भाषांतर याच्याही आधीं, १८१५ सालीं, बंगाल्यांत श्रीरामपुरास कॅरेसाहेबांच्या छापखान्यांत वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें मोडी टाइपांत छापलें गेलें होतें. पण त्याचे वाचक मुख्यत्वें मराठी शिकणारे कंपनीचे अंमलदार. देशावर त्याचा परिणाम झाला असें म्हणवत नाहीं.

खरा वाद माजला तो १८४९ सालीं. पुण्यांतील कांहीं सुधारकांनीं सरकारास अर्ज केला कीं, दक्षिणेच्या शिलकी रकमेंतून मराठींत उपयुक्त ग्रंथ करणारांस बक्षिसें द्यावीं, आणि तीं जात न पाहतां द्यावीं. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख हे या पक्षाचे. दक्षिणा ब्राह्मणांची, ती पूर्वजांनीं धर्मार्थ ठेविलेली, तिला हात लावूं नये असें जुन्या पक्षाचें म्हणणें होतें. आणि तें केवळ हटाचें होतें असें समजणें बरोबर नाहीं. ज्याचा बाप व आजा व्याकरण पढून रमण्यांत जात आला, त्याला ही रक्कम म्हणजे विद्येचें वतनच वाटत होतें. शहरांत प्रकरण हातघाईवर येईल कीं काय अशी भीति होती, आणि अशा वेळीं जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशीं उभे राहिले, हें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. अखेर १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली व मराठी ग्रंथांस बक्षिसें देण्याचा क्रम सुरू झाला. दक्षिणेचाच दुसरा भाग पुढें फेलोशिपांकडे गेला, न्या. रानडे व डॉ. भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल.

आतां भाषांतरकारांकडे वळूं. यांत पहिला मान परशुरामपंत तात्या गोडबोले (१७९९–१८७४) यांचा. हे वांईचे, मेजर कँडी यांच्या हाताखालीं सरकारी भाषांतराच्या कामावर होते. मराठींत विरामचिन्हें रूढ करणारे ते हेच कँडीसाहेब. तात्यांचें वेणीसंहार १८५७ सालीं आलें, उत्तररामचरित १८५९ सालीं, शाकुंतल १८६१ सालीं, मृच्छकटिक १८६२ सालीं आणि नागानंद १८६५ सालीं. म्हणजे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं आरंभ करून आठ वर्षांत पांच नाटकें! सेवानिवृत्त मनुष्यास हा हिशेब वाचून थोडी लाज वाटल्यावांचून राहत नाहीं.

परंतु या आठ वर्षांच्या मागें एक तयारी होती, तिचा विचार केला पाहिजे. १८५४ सालीं तात्यांनीं ‘नवनीत’ हा जुन्या मराठी कवितेचा वेंचेसंग्रह काढला, आणि ‘वृत्तदर्पण’ हा छंदःशास्त्राचा ग्रंथही त्यांचाच. वामनपंडित, रघुनाथपंडित, मोरोपंत हे कवि ज्याच्या कानांत रात्रंदिवस घुमत होते असा मनुष्य संस्कृत नाटकांतील श्लोक मराठींत आणावयास बसला. शार्दूलविक्रीडित किंवा शिखरिणी या वृत्तांत मराठी चालविणें ही गोष्ट त्याला नवी नव्हती. पंडितकवींनीं ती वाट दोनशें वर्षें मळविली होती. म्हणून बक्षीस सरकारनें दिलें हें खरें असलें, तरी भाषांतराची भाषा बारामतीच्या नाइकांसारख्या जुन्या आश्रयदात्यांच्या दारीं तयार झालेली होती असें म्हणण्यास हरकत नाहीं.

यांत अडचणीही कमी नव्हत्या. संस्कृतांत एका चरणांत जो समास मावतो तो उकलावयास मराठीस दोन चरण लागतात. न उकलावा तर विभक्तीचा प्रत्यय तेवढा मराठी व बाकी सर्व संस्कृत, असा श्लोक होतो. भवभूतीच्या मालतीमाधवांत तर गद्यही समासांनीं भरलेलें. त्या नाटकास १८६१ सालीं हात घातला कृष्णशास्त्री राजवाडे यांनीं. ‘अलंकारविवेक’ लिहिणारे हे शास्त्री. पुढें मुद्राराक्षस (१८६७), शाकुंतल (१८६९) व विक्रमोर्वशीय (१८७४) हींही त्यांनींच मराठींत आणलीं. मुद्राराक्षसाची निवड मला विशेष वाटते. त्यांत शृंगार नाहीं, सारा राजकारणाचा डाव. आणि राजकारणाची भाषा मराठीजवळ बखरींतून व पत्रव्यवहारांतून आयती होती.

दुसरी अडचण प्राकृतांची. संस्कृत नाटकांत राजा व मंत्री संस्कृत बोलतात, स्त्रिया व विदूषक शौरसेनी बोलतात, नीच पात्रें मागधी बोलतात. मृच्छकटिकांत तर सूत्रधारच आरंभीं संस्कृत बोलून नंतर मुद्दाम प्राकृतांत शिरतो, आणि शकार ‘स’च्या जागीं ‘श’ उच्चारतो. हें सर्व एका मराठींत आणावयाचें म्हणजे नाटकांतील समाजाच्या पायऱ्याच सपाट करावयाच्या. घाटावरची, कोंकणची, कुणब्याची व भटजीची मराठी वेगळी होती; पण त्या बोली छापील पुस्तकांत भारदस्त नाटकाच्या पात्रांच्या तोंडीं घालण्याचा संप्रदाय तेव्हां नव्हता. मात्र शकाराचें मूर्खपण मराठींत टिकलें, आणि तें कां हें पाहण्यासारखें आहे. हा गृहस्थ पुराणांतील कथांचा घोळ घालतो, द्रौपदीला रामाच्या भयानें पळावयास लावतो. भाषाभेद नाहींसा झाला तरी हा विनोद मराठी श्रोत्यांस समजावून सांगावा लागत नाहीं. कारण ज्यानें गांवच्या देवळांत चार कीर्तनें ऐकलीं आहेत तो खेडूतही येथें हंसतो.

आमच्या नाशिक जिल्ह्याचाही या कामांत वांटा आहे. गणेशशास्त्री लेले त्र्यंबककर यांनीं जानकीपरिणय व मालविकाग्निमित्र मराठींत आणलें. त्र्यंबकेश्वर इगतपुरीहून कांहीं फार दूर नाहीं. तरी आमच्या बाजूच्या शिकल्यासवरल्या लोकांतही हें नांव आज क्वचितच ऐकूं येतें. पुण्यापासून दूर, क्षेत्राच्या ठिकाणीं राहणारा शास्त्री भाषांतराकडे वळतो, यावरून उत्तेजनाची ही वार्ता पुण्याबाहेर कोठवर पोंचली होती तें दिसतें.

येथवर आश्रयाची उजळ बाजू झाली. दुसरीही सांगितली पाहिजे. १८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहून याच कमिटीपुढें ठेविलें. विषय असा कीं, एका कुणब्याच्या गरोदर बायकोस जोशी ग्रहांची भीति घालून लुबाडतो. कमिटीनें तें पत्करलें नाहीं; ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें चाललें नाहीं, असें फुले यांचें म्हणणें. ज्या बक्षिसांसाठीं सहा वर्षांपूर्वीं फुले सुधारकांच्या बाजूनें उभे राहिले, त्या बक्षिसांचें दार त्यांच्याच ग्रंथास बंद झालें. या नाटकांतही विदूषक आहे! संस्कृत नाटकांत राजाच्या पंक्तीस बसणारा तो खादाड ब्राह्मण येथें जोश्याचें कपट प्रेक्षकांस उघड करून दाखवितो. शौरसेनी बोलणाऱ्या विदूषकास मराठी करण्यास आश्रय मिळाला आणि मुळांतच मराठी बोलणाऱ्या विदूषकास मिळाला नाहीं. वेणीसंहाराचें मोल यामुळें कमी होतें असें नव्हे. पण १८४९ च्या अर्जांतील ‘जात न पाहतां’ हे शब्द कितपत पाळले गेले याचा हिशेब करतांना हें प्रकरण वगळतां येणार नाहीं. ‘तृतीय रत्न’ छापून निघण्यास १९७९ साल उजाडावें लागलें.

कमिटीच्या व विद्याखात्याच्या आश्रयानें झालेलीं हीं भाषांतरें वाचावयाचीं होतीं, विद्यार्थ्यांनीं व शिक्षकांनीं अभ्यासावयाचीं होतीं. तीं रंगभूमीवर जावीं हा हेतु नव्हता. तें झालें ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं. त्या दिवशीं पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं संगीत शाकुंतलाचे पहिले चार अंक केले. श्लोकांच्या जोडीला साकी, दिंडी, अंजनीगीत, लावणीच्या चालीवरचीं पदें आलीं. पुढें देवलांनीं मृच्छकटिक संगीत केलें तें गोडबोल्यांच्या भाषांतराचा आधार घेऊन. अशा रीतीनें दक्षिणेच्या पैशानें पोसलेलें भाषांतर तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाच्या हवालीं झालें. हा नवा आश्रयदाता संस्कृत जाणत नव्हता व त्याला परीक्षाही घ्यावयाची नव्हती. पहिल्या अंकांत कंटाळला तर तो दुसऱ्या दिवशीं येत नसे, इतकेंच. शाकुंतलाचीं त्यापूर्वींचीं दोन्ही भाषांतरें मूळाशीं अधिक प्रामाणिक असतील. लोकांच्या ओठीं बसलें तें किर्लोस्करांचें.

छापखानेवाल्यांसही आश्रयदात्यांतच गणलें पाहिजे. जावजी दादाजी चौधरी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर काढला. १८८६ पासून त्यांची काव्यमाला निघूं लागली. शास्त्र्याच्या घरच्या पोथीवांचून ज्याचें अडत होतें त्याला शुद्ध छापील संस्कृत ग्रंथ माफक किंमतींत मिळूं लागला. नाशिकास वाचनालय १८४० पासूनचें. पण थळघाटाची रेल्वे १८६५ सालीं खुली झाली तेव्हांपासून इगतपुरीसारख्या गांवींही मुंबईचें पुस्तक दोन दिवसांत येऊं लागलें, हें लहान लेखूं नये. भाषांतर व मूळ शेजारीं ठेवून ताडून पाहणारा वाचक त्यानंतरचा.

विसाव्या शतकांत आश्रयाचे ओघ पुन्हां फुटले. बडोद्यासही श्रावणमासची दक्षिणा व तिची परीक्षा होती; सयाजीराव महाराजांनीं तेथें संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनासाठीं गायकवाड प्राच्य ग्रंथमाला काढविली, तिचा पहिला ग्रंथ राजशेखराची काव्यमीमांसा (१९१६). पुण्यास चिपळूणकर आणि मंडळीनें शतकाच्या पहिल्या तपांत सबंध महाभारताचें मराठी भाषांतर काढलें; चिंतामणराव वैद्यांचा उपसंहार त्यास १९१८ सालीं जोडला गेला. त्याच सालीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठीं भांडारकर संस्थेस एक लाख रुपयांचें वचन दिलें. १९१९ च्या एप्रिलांत कामास आरंभ झाला. आणि औंध संस्थान विलीन होऊन अठरा वर्षें लोटल्यावर, १९६६ सालीं, तें पुरें झालें.