महामार्गाकडेची सामायिक वाट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्दळीच्या रस्त्याला समांतर, पण त्यापासून वेगळी राखलेली सामायिक वाट पायी चालणारे, सायकलस्वार, शाळकरी मुले आणि व्हीलचेअर वापरणारे अशा सगळ्यांसाठी असते. इंदूरहून खंडवा, बऱ्हाणपूर, इच्छापूर करत महाराष्ट्रात उतरणाऱ्या महामार्गामुळे जसोंडीसह बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या गावांना हा विषय जवळचा आहे. केळीने भरलेले ट्रक आणि दुधाचे कॅन लटकवलेली सायकल एकाच डांबरावरून जातात. तरीही वाटेची मागणी पुढे आली, की काही समजुती आड येतात.

“साईडपट्टी आहे ना, मग वेगळी वाट कशाला?” ही त्यांतली पहिली. साईडपट्टी असते बिघडलेले वाहन उभे करण्यासाठी आणि समोरून येणाऱ्याला जागा देण्यासाठी. पांढऱ्या पट्ट्याने ट्रक अडत नाही. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार मोटारीचा वेग ताशी ५० किलोमीटरवरून ६५ वर गेला, की धडकेत पादचारी मरण्याचा धोका साधारण साडेचार पट होतो. म्हणून वाट आणि रस्ता यांत अंतर हवे. अमेरिकेतील महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेची मार्गदर्शिका पाच फूट, म्हणजे सुमारे दीड मीटर, मोकळी पट्टी सांगते. तेवढी जागा नसेल तर कठडा.

“आता सायकल चालवतंय कोण?” हा प्रश्नही हटकून येतो. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे २३ टक्के लोक कामावर पायी आणि १३ टक्के सायकलने जात होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या निकषातही तासाला दोनशेहून अधिक मोटारवाहने धावत असतील, तर गर्दीच्या तासाला शंभर सायकलींसाठीसुद्धा स्वतंत्र मार्ग योग्य ठरतो. आणि आज धोकादायक असलेल्या रस्त्यावर सायकली मोजल्या, तर फक्त धीट लोकांची मोजणी होते. मुलीला सायकलवर शाळेत पाठवायला घाबरणारे घर त्या आकड्यात येत नाही.

“रस्त्याकडेला जागाच नाही” ही समजूत अर्धीच खरी आहे. मोकळ्या सपाट भागात राष्ट्रीय महामार्गाची जमीन साधारण ४५ मीटर रुंद धरतात आणि दुपदरी डांबर असते सात मीटरचे. जागा खाल्ली जाते ती टपऱ्या, खांब, गटारे आणि पुढच्या रुंदीकरणाची राखीव पट्टी यांत. गावाच्या १२ मीटर जमिनीतल्या पावणेचार मीटर डांबरी रस्त्यावर मात्र वेगळ्या वाटेचा हट्ट धरू नये. तिथे वाहनांचा वेग उतरवणे अधिक उपयोगी आणि कितीतरी स्वस्त.

राष्ट्रीय महामार्गालगत चालण्याची वाट बसतच नाही, या समजुतीला पंढरपूरच्या पालखी मार्गांनी उत्तर दिले आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी ज्यांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, त्या दिवेघाट ते मोहोळ या सुमारे २२१ किलोमीटरच्या संत ज्ञानेश्वर पालखी मार्गाला आणि पाटस ते तोंडले-बोंडले या सुमारे १३० किलोमीटरच्या संत तुकाराम पालखी मार्गाला दोन्ही बाजूंनी वारकऱ्यांसाठी स्वतंत्र चालवाट योजलेली आहे. बऱ्हाणपूरला लागून असलेल्या मुक्ताईनगरहूनही मुक्ताबाईंची पालखी दरवर्षी पंढरीला निघते, त्यामुळे रस्त्याने चालणाऱ्यांची गरज या भागाला नवी नाही. पण वारी ठरावीक दिवसांत, एकाच दिशेने जाते. रोजच्या वाटेला शाळा, दूध संकलन केंद्र, बस थांबा आणि बाजार जोडावे लागतात.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे वाट वेगळी केली की धोका संपला. सरळ पट्ट्यात तो खरोखर घटतो आणि फाट्यावर, शेताच्या वहिवाटीवर, पेट्रोल पंपाच्या तोंडाशी गोळा होतो. वाट रस्त्याच्या एकाच बाजूला असून दोन्ही दिशांनी चालत असेल, तर डावीकडे वळणारा ट्रॅक्टरवाला मागून येणाऱ्या वाहनांकडे बघतो. समोरून येणारी सायकल त्याच्या ध्यानीमनी नसते. तिथे वाट खाली उतरवून डांबरात मिसळू नये. वाटेची पातळी कायम ठेवावी आणि ट्रॅक्टरलाच उंचवट्यावरून हळू चढायला लावावे. कोपऱ्याचे वळण आवळले, की ट्रॉली आपोआप मंदावते. दृष्टीच्या आड येणारी झुडपे, फलक आणि केळीचे घड भरायला थांबणारी वाहने कोपऱ्यापासून दूर हवीत.

मोरी हा दुसरा कच्चा दुवा. अंदाजपत्रकात वाट मोजली जाते, मोरीचे रुंदीकरण राहून जाते. मग नाल्यापाशी कठडा आला, की चालणारा पुन्हा ट्रकच्या पुढ्यात. म्हणून आखणी मोऱ्या आणि फाटे यांपासून सुरू करावी, मधले तुकडे नंतर जोडावेत.

रुंदीतही काटकसर नडते. पादचाऱ्यांच्या वाटेसाठी भारतीय मानक किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगते, पण तीत गवताचा भारा लादलेली सायकल आणि समोरून येणारी आजी मावत नाहीत. दुहेरी सामायिक वाटेला तीन मीटर धरावेत. वर्दळ फार असेल तर चालणारे आणि सायकली वेगळे करावेत.

“एकदा बांधली की झाले” हेही खरे नाही. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये सुमारे १३ किलोमीटरचा सायकल मार्ग झाला. तो फारसा वापरात आला नाही आणि २०२५ मध्ये तो काढून जागा मोटारींना देण्याचे ठरले. मोटारवाहन नियमांनुसार पदपथावर किंवा सायकल मार्गावर वाहन चालवता येत नाही, पण नियमाला खुंटांची जोड लागते. खुंटांमधून दुचाकी न जाता व्हीलचेअर जाईल, असे अंतर सहसा साधत नाही. त्यामुळे चारचाकी अडेल एवढेच अंतर ठेवून दुचाकींसाठी रोजची देखरेख धरावी लागते. झाडलोट, दिवे, तुटलेले पेव्हर ब्लॉक आणि पावसाळ्यातला चिखल यांचा वार्षिक खर्च कोण करणार, रस्त्याचे खाते की ग्रामपंचायत, हे बांधकामाच्या मंजुरीतच लिहून घ्यावे लागते.