बैठकीतला चित्रपट-संगणक : पैसे कोठे घालावेत, कोठे वाचवावेत?

छत्रपती संभाजीनगरातील आमच्या उस्मानपुरा भागात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि तंत्रनिकेतनही आहे. त्यामुळे सुटे भाग आणून संगणक जोडणारी मुले येथे नवीन नाहीत. अलीकडे त्यांच्यापैकी काहींना बैठकीच्या खोलीत टीव्हीला जोडून ठेवता येईल असा संगणक हवा असतो. त्यावर चित्रपट पाहावेत, गाणी ऐकावीत, जमल्यास धाकट्या भावंडांचा अभ्यासही व्हावा, अशी अपेक्षा असते. दुकानातून लिहून आणलेली यादी ते मला दाखवतात. यादीत बहुधा एक महागडे ग्राफिक्स कार्ड असते, सहाशे-साडेसहाशे वॅटचा वीजपुरवठा असतो आणि खाली जी बेरीज असते ती पाहून घरचे लोक बेत रद्द करतात. खरे तर त्या बेरजेतील निम्मी रक्कम ज्या कामासाठी लिहिलेली असते, ते काम हा संगणक कधी करणारच नसतो. हे कसे ओळखायचे? त्यासाठी दुकानदाराच्या माहितीपेक्षा तुमच्या पाठ्यपुस्तकातील भौतिकशास्त्र अधिक उपयोगी पडते.

प्रथम डोळ्यापासून सुरुवात करू. पांढऱ्या कागदावर शाईने दोन जाड काळ्या रेघा अशा ओढा की त्यांच्यामध्ये बरोबर एक मिलिमीटर पांढरी फट राहील. कागद भिंतीला लावा आणि हळूहळू मागे सरका. साधारण साडेतीन मीटरच्या आसपास ती फट नाहीशी होऊन एकच रेघ दिसू लागेल. निरोगी डोळ्याला सुमारे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनापर्यंतचेच बारकावे वेगळे दिसतात. एक मिलिमीटरची फट ३.४ मीटरवरून एवढाच कोन करते. काही जणांची दृष्टी याहून थोडी तीक्ष्ण असते, पण फार नाही.

आता ४३ इंची टीव्ही घ्या. त्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर भरते. ‘फुल एचडी’ चित्रात आडव्या ओळीत १९२० ठिपके असतात, म्हणजे एक ठिपका जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा झाला. असा ठिपका सुमारे १.७ मीटरच्या पुढे गेले की वेगळा दिसत नाही. ‘फोर-के’ चित्रातील ठिपका याच्या निम्मा. तो दिसायला टीव्हीपासून ८५ सेंटिमीटरवर बसावे लागेल. तुमच्या घरी सोफा किंवा गादी टीव्हीपासून किती अंतरावर आहे? टेप लावून मोजा. बहुतेक घरांत ते दहा फूट, म्हणजे तीन मीटर भरते. तीन मीटरवरून फोर-केचे जादा ठिपके उपयोगी पडायचे तर टीव्ही सुमारे ७५ इंचांपेक्षा मोठा हवा. फोर-के चित्रफितींत कधी कधी रंग व उजेडाचा पल्ला अधिक चांगला असतो हे मान्य, पण ठिपक्यांच्या संख्येसाठी पैसे देण्यात अर्थ नाही. यादीतील पहिली काट येथे बसली.

दुसरा प्रश्न असा की संगणकाला नेमके काम किती पडते? हिशेब करून पाहू. एका फुल एचडी चित्रात १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट. सेकंदाला २५ चित्रे. गुणाकार करा : दर सेकंदाला १२४ कोटी बिटांहून अधिक! दोन तासांचा चित्रपट असा जसाच्या तसा साठवला तर सुमारे ११२० गिगाबाइट जागा लागेल. प्रत्यक्षात तोच चित्रपट चार गिगाबाइटच्या फाइलमध्ये मावलेला तुम्ही पाहिला असेल. बाकीचे गेले कोठे?

या किमयेच्या मुळाशी नासिर अहमद या बंगळूरमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाची कल्पना आहे. चित्राचे लहान लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन निरनिराळ्या कंप्रतेच्या कोसाइन तरंगांची बेरीज म्हणून लिहायचा. संथ तरंग चित्राचा ठसठशीत भाग सांगतात. जलद तरंग बारीक कणीदारपणा सांगतात, तो डोळ्याला फारसा जाणवत नाही, म्हणून तो बराचसा टाकून देता येतो. अहमद यांनी १९७२ मध्ये या कामासाठी अमेरिकेत अनुदान मागितले होते, ते मिळाले नाही. तरीही काम पुरे करून टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्रिकोणमितीच्या तासाला कोसाइनचा उपयोग काय असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. याखेरीज लागोपाठच्या दोन चित्रांतील फक्त फरकच लिहिण्याची युक्ती आहे. बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या मागची भिंत सेकंदात पंचवीस वेळा पुन्हा कशाला सांगायची?

अशी गुंडाळलेली चित्रफीत उलगडणे हेच आपल्या संगणकाचे मुख्य काम. ते दोन प्रकारे होते. प्रोसेसरच्या सर्वसाधारण भागाकडून आकडेमोड करून घेता येते. तेव्हा तो तापतो आणि पंखा ओरडू लागतो. किंवा त्याच चिपवर या एकाच कामासाठी कोरलेले खास मंडल असते, ते थोड्याशा विजेत हे काम निमूटपणे उरकते. म्हणून प्रोसेसर निवडताना गिगाहर्ट्झ विचारू नका. कोणत्या पद्धतीने गुंडाळलेली चित्रफीत उलगडणारे मंडल त्यात आहे ते विचारा. एच.२६४ ही पद्धत २००३ ची, एचईव्हीसी २०१३ ची आणि एव्ही१ २०१८ ची. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरात एच.२६४ ची सोय आहे, पण एचईव्हीसीसाठी पूर्ण मंडल नाही. सातव्या पिढीत एचईव्हीसी व व्हीपी९ दोन्हींची सोय आहे. एव्ही१ हवे असेल तर अकराव्या पिढीपासून पुढे पाहावे. कार्यालयांतून निघालेले जुने संगणक बाजारात स्वस्त मिळतात. त्यांत सातव्या पिढीच्या आतले घेऊ नयेत असे माझे मत आहे. नवीनच घ्यायचे तर २०२३ मध्ये आलेला एन१०० हा छोटा प्रोसेसर या कामाला पुरतो, त्यात एव्ही१ सुद्धा आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड यांपैकी कशालाच लागत नाही. यादीतील सर्वांत मोठी रक्कम येथे वाचली.

आता आपल्या गावाचा विचार करू. मे महिन्यात येथे पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद खोलीत दुपारी ३८ अंश सेल्सिअस असणे नवल नाही. ओहमचा नियम तुम्हाला माहीत आहे. उष्णतेलाही तसाच नियम लावता येतो : चिपचे तापमान खोलीपेक्षा किती वाढेल, तर तिच्यातून निघणारे वॅट गुणिले उष्णतेच्या वाटेतील रोध. समजा लहानशा उष्णता-शोषकाचा रोध वॅटमागे १.५ अंश आहे. वीस वॅटच्या चिपचे तापमान ३० अंशांनी वाढून ६८ होईल. हे ठीक आहे. तोच शोषक ६५ वॅटच्या चिपवर बसवला तर वाढ ९७ अंशांवर जाईल, बेरीज १३५! अर्थात तेथपर्यंत गोष्ट जात नाही. शंभर अंशांच्या आसपास प्रोसेसर आपण होऊन मंद होतो आणि चित्र अडखळते. पुण्याच्या किंवा नाशिकच्या हिवाळ्यात उत्तम चालणारी जोडणी आमच्याकडे उन्हाळ्यात का रडते, याचे उत्तर या साध्या बेरजेत आहे. म्हणून कमी वॅटची चिप घ्यावी, आणि कॅबिनेट शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नये. कूलरच्या झोतासमोरही ते ठेवू नये. ओलावा आणि धूळ मिळून शोषकाच्या पट्ट्यांवर लेप चढतो.

पंखा लावायचाच झाला तर मोठा लावा आणि सावकाश फिरवा. १२० मिलिमीटरचा पंखा एका फेऱ्यात ८० मिलिमीटरच्या सारख्याच घडणीच्या पंख्याच्या सुमारे ३.४ पट हवा ढकलतो, कारण हवेचे आकारमान व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. आवाज मात्र मुख्यतः वेगावर, तोही वेगाच्या पाचव्या घाताप्रमाणे, अवलंबून असतो. वेग निम्मा केला की ध्वनीची शक्ती ३२ पटींनी, म्हणजे १५ डेसिबलनी, घटते. पंखा मोठा झाल्याने त्यातील काही भाग परत येतो, तरीही फायदा भरपूर उरतो. संवाद हलके असलेला जुना चित्रपट पाहताना तो लगेच कळतो.

हार्ड डिस्कचाही सूर असतो. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. लाकडी शोकेसच्या फळीवर ही डिस्क ठेवली की टेबलावर टेकवलेल्या नादकाट्यासारखी ती फळीलाही गुणगुणायला लावते. खाली रबराचे तुकडे द्या, किंवा संगणकात लहान एसएसडी बसवून चित्रपटांची डिस्क दुसऱ्या खोलीत ठेवा. रॅम आठ गिगाबाइट पुरे. ती चारच्या दोन पट्ट्यांत घेता आली तर बरे, कारण चित्र दाखवणारे मंडलही तीच स्मृती वापरते.

वीजपुरवठ्याबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. ४५० वॅटचा एसएमपीएस ४५० वॅट खात नाही. तेवढे द्यायची त्याची ताकद असते, एवढेच. आपला संगणक ३० वॅटवर चालत असेल तर त्यावर जेमतेम सात टक्के भार पडतो, आणि इतक्या कमी भारावर त्याची कार्यक्षमता घसरते. वेष्टनावरील ‘८० प्लस’ या खुणेची चाचणीही वीस टक्के भारापासून सुरू होते. लहान अडॅप्टरवर चालणारी पेटी येथे सरस ठरते. रोज पाच तास चालवली तर महिन्याला साडेचार युनिट लागतील. उलट रिकामा चालतानाही ८० वॅट ओढणारा जुना संगणक रात्रंदिवस सुरू ठेवला तर ५७ युनिटांहून अधिक.

जोडणी झाल्यावर एक बिनपैशाची सुधारणा करा. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) घ्या. बोलपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि टीव्ही बहुधा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. ६० ला २४ ने भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीन वेळा व पुढचे दोन वेळा दाखवावे लागते; एक १/२० सेकंद टिकते, दुसरे १/३० सेकंद. कॅमेरा सावकाश फिरतो तेव्हा चित्र धक्के देत सरकल्यासारखे वाटते ते यामुळे. संगणकाच्या मांडणीत २४ हर्ट्झ निवडा, टीव्हीला ते झेपत असेल तर धक्के जातील. दूरदर्शनची गोष्ट निराळी. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा आपल्या विजेच्या ५० हर्ट्झशी जुळणारी, सेकंदाला २५ चित्रांची ६२५ रेषांची पद्धत आपण वापरत होतो. तेथले जुने कार्यक्रम पाहताना ५० हर्ट्झ ठेवावे.

शेवटी अर्थिंग. इकडची रक्कम मात्र वाचवू नका. एसएमपीएसमध्ये विजेतील गोंगाट गाळण्यासाठी लहान धारित्र असतात. त्यांचा मधला जोड कॅबिनेटला, आणि तेथून तिसऱ्या पिनेला जातो. तिसरी पिन जमिनीला जोडलेली नसेल तर कॅबिनेटवर सुमारे ११५ व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह फार लहान असतो, त्यामुळे बोटाला मुंग्या आल्यासारखे वाटते एवढेच. पण आत कधी तार सुटून पत्र्याला लागली तर हा मुंग्यांचा खेळ राहत नाही. तेव्हा दोन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका, आणि जुन्या घरात भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे खरोखर तार आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. आणि अर्थिंग ठीक असूनही स्पीकरमधून सतत घूं असा ५० हर्ट्झचा आवाज येत असेल, तर केबल टीव्हीची किंवा डिशची तार क्षणभर काढून पाहा. आवाज थांबला तर ती तार दुसऱ्याच ठिकाणी जमिनीला जोडलेली आहे आणि दोन अर्थिंगांमधून प्रवाह फिरतो आहे. अशा वेळी संगणक, टीव्ही आणि स्पीकर तिन्ही एकाच बोर्डावर घ्यावेत.